वऱ्हाडातले पोकळ मिरे

वाशीम जिल्ह्यावर मी एकदा तीन पानांचा लेख लिहिला होता, फोटोंसकट. तो जिल्हा डोळ्यांनी पाहिला यंदाच्या फाल्गुनात, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी. लेख आणि प्रवास यांच्यामध्ये तेरा-चौदा वर्षं गेली. त्या वर्षांत तिथल्या एका गावात जे झालं ते माझ्या लेखामुळे आणि पुढे फोनवर बोललेल्या एका वाक्यामुळे. ज्या साप्ताहिकात तो लेख आला ते बंद पडलं आहे, म्हणून दुरुस्ती इथे लिहितो. गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. माझ्या हातून ते एकदा छापून आलं, तेवढं पुरे झालं.

नवी मुंबईच्या मसाला बाजारात एका निर्यातदाराकडे मी एकतीस वर्षं नोकरी केली. काम मिऱ्यांचं. आलेला माल तपासायचा, प्रत ठरवायची, आणि रोज सकाळी कोचीचा भाव, व्हिएतनामचा भाव, ब्राझीलची बातमी एका कागदावर जुळवून मालकांपुढे ठेवायची. निवृत्त झाल्यावर हेच काम मी त्या शेती साप्ताहिकातल्या सदरात करू लागलो. तेव्हा मिऱ्याचा भाव वर्षानुवर्षं चढत होता. भाव चढत असताना सदर लिहिणं सोपं असतं. व्हिएतनाममध्ये लोक जुनी पिकं काढून मिरवेली लावत सुटले होते. त्या वेली तीन-चार वर्षांत फळाला येतील आणि जगाला पुरून उरेल एवढा माल होईल, हे बाजारात सगळ्यांना कळत होतं, मलाही. सदरात मी लिहीत असे, ‘तेजी टिकून राहील.’ मंदीचं भाकीत कोणी कापून जपून ठेवत नाही.

त्या दिवसांत वाशीम जिल्ह्यातून दिगंबर नावाच्या वाचकाचं पत्र आलं. संत्र्याच्या बागेच्या कडेला शेवग्याची झाडं होती, त्यांवर त्यांनी चार मिरवेली चढवल्या होत्या. सोबत फोटो होता. वेली आमच्या कोकणातल्या घरामागे पोफळींवर असतात तशाच हिरव्यागार. फोनवर तासभर माहिती घेऊन मी लेख लिहिला, ‘संत्र्याच्या देशात मिरी’. वेलींना घोस लागले का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते ‘अजून नाही’ म्हणाले असते, आणि लेख झाला नसता.

मंगरूळपीर

अकोल्याहून सकाळची बस बार्शीटाकळीमार्गे मंगरूळपीरला जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटल्यासारखा फुलला होता. त्या रानात पानं नव्हती, नुसती फुलं. माझ्या शेजारी एक शेतकरी मांडीवर पाण्याची मोटर घेऊन बसला होता. ती अकोल्यातून दुरुस्त करून आणलेली. कोकणात परक्या माणसाला आम्ही दोन दिवस नीट न्याहाळतो आणि मग गाव विचारतो. इथे मी बूड टेकायच्या आत प्रश्न आला.

“कोन्या गावचे, काकाजी?”

“मुंबईचा.”

“मुंबईचे त दिसत नाई.”

“मूळचा कोकणातला.”

“मंग बराबर हाय. तिकडं पानी लय, म्हून मानूस बारीक राह्यते. आमच्याकडं पानी नाई त मानूस पाह्यजा.” असं म्हणून त्याने स्वतःच्या पोटावर हात मारला आणि मोटर माझ्या मांडीकडे थोडी सरकवली, भार वाटून घेतल्यासारखी. बार्शीटाकळीपासून पुढे निम्मी मोटर मीच धरून होतो.

मंगरूळपीरला दर्ग्याच्या वाटेवर एका टपरीत चहा घेतला. रेवड्यांचे ढीग, चादरींची दुकानं, तहसीलमध्ये आलेल्या लोकांची कागदं सांभाळत चाललेली लगबग. एका किराणा दुकानाबाहेर मसाल्यांची पोती उघडी मांडलेली होती. सवयीने मी मिऱ्यांच्या पोत्यात हात घातला. दोन दाणे बोटांत दाबले. टणक होते, केरळचे असावेत. दुकानदार म्हणाला, “घेनार हाय का दाबूनच पाह्यनार?” मी छटाकभर घेतले. चाळीस वर्षांत मिरे पहिल्यांदाच किरकोळीत विकत घेतले असतील.

मग जीपच्या अड्ड्यावर जाऊन ‘शेलूला जायचंय’ एवढंच म्हणालो आणि चुकीच्या जीपमध्ये बसवला गेलो. पाव तासाने कळलं तेव्हा चालक म्हणाला, “शेलू म्हनलं त म्या बसवलं. इकडं शेलूची काय कमी हाय? बाजारवालं शेलू म्हनाव लागते.” परत येऊन दुसरी जीप धरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

शेलूबाजार

शेलूबाजार हे रस्त्यावर वसलेलं गाव. हमरस्त्यावर मालाच्या गाड्या थांबतात, धाब्यांवर शेवभाजीची फोडणी बसते, तूर आणि हरभरा भरलेले ट्रॅक्टर उभे असतात. मी ज्या गावाला जायला निघालो होतो ते तिथून पाच-सहा किलोमीटर आत. जीपवाल्याला गावाचं नाव सांगितलं तर त्याने मागे वळून ओरडून विचारलं, “मिरे फाट्यावर कोन कोन उतरनार?”

मी विचारलं, “मिरे फाटा?”

“तुमचंच गाव. त्याइनं मिरे लावले होते न कवातरी. तवापासून मिरे फाटाच म्हनते समदे.”

“मग मिरे आले का?”

“मिरे कायचे येते. नाव आलं.” जीपमधले दोघे-तिघे हसले. हा विनोद त्यांचा रोजचा असावा, कारण कोणी फार हसलं नाही.

फाट्यावर उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पाऊण किलोमीटरची कच्ची वाट मी एक चप्पल हातात घेऊन चाललो. तापलेला फुफाटा आणि बारीक खडे. असा मी त्या गावात शिरलो.

पहिल्याच घराच्या ओसरीवर एक बाई तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. वय पासष्टच्या आसपास. नाव वच्छलाबाई. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, आत गेल्या आणि गडवाभर पाणी व एक पुरुषी चपलांचा जोड घेऊन आल्या. “घाला. यायच्या हायेत. आता कोनी घालत नाई.” नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मग पुढ्यात ताट आलं. ज्वारीची भाकर, बेसन, कांदा आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला ‘जेवणार का’ असं विचारतात. इथे तसं विचारणं म्हणजे नको असल्याचं सुचवणं, हे मला नंतर कळलं. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. त्या म्हणाल्या, “कोकनात तिखट खात नाई काय?” मी म्हणालो, “खातो, पण मिऱ्याचं.” हे बोलून गेलो.

त्यांनी पाखडणं थांबवलं. “तुमी मिऱ्याचे हाय काय? पेपरातले?”

मी हो म्हणालो.

भाकर संपल्यावर त्या मला घेऊन घरामागच्या शेतात गेल्या.

दोन एकरांत संत्र्याची बाग होती, असं त्यांनी हाताने दाखवलं. आता तिथे हरभऱ्याची कापणी झालेली रिकामी जमीन आणि ओळीत उभे सिल्व्हर ओकचे खांबासारखे बुंधे होते. शेंड्यांना थोडी पानं. मिरवेलीला चढायला आधार म्हणून हीच झाडं लावावीत असं माझ्याच लेखात आलेलं होतं. एका बुंध्याला वाळलेल्या वेलीचं जाळं अजून चिकटून होतं. मी बोट लावलं, त्याचा भुगा झाला.

“त्या साली संत्र्याची गळ लय झाली होती,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तुमचा पेपर वाचला दिगंबरभाऊनं पारावर. यायनं म्हनलं, गळनारं झाड ठेवून काय करता. तोडलं. बारा सालाची झाडं होती. तोडलं त वास आला संत्र्याच्या लाकडाचा, चार दिवस घरात होता.”

दिगंबरभाऊ गावच्या वाचनालयाचं काम पाहत. साप्ताहिक आलं की संध्याकाळी पारावर मोठ्याने वाचायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. निम्म्या लोकांना वाचता येत होतं, तरी ऐकायला बसत. कारण दिगंबरभाऊ वाचताना मधे थांबून अर्थ सांगत आणि प्रश्न घेत. माझं सदर गावाने असं कानांनी वाचलं होतं. त्या एका लेखानंतर तीसेक घरांनी वेली लावल्या, काहींनी बांधावर, काहींनी बाग काढून.

पारावर

आता ते वाक्य.

तिसऱ्या वर्षी काही वेलींना घोस लागले. गावाने घराघरांतून पसापसा मिरे गोळा केले, वाळवले, एका पिशवीत भरले आणि प्रत तपासायला माझ्याकडे पाठवायचे ठरवले. पिशवी पोस्टात टाकायचं काम दिगंबरभाऊंचं. ती मला मिळाली. आमच्या धंद्यात लिटरचं माप असतं. त्यात मिरे शिगेपर्यंत भरतात आणि वजन करतात. चांगल्या मिऱ्याचं वजन किती भरतं हे मला झोपेतही सांगता येतं. ते मिरे त्याच्या निम्म्यावरही गेले नाहीत. दाणा बोटांत दाबला की टरफल फुटे आणि आत हवा. पाण्यात टाकले तर सगळे वर तरंगले. मिऱ्याला फुलोऱ्याच्या दिवसांत झिमझिम पाऊस आणि हवेत ओल लागते. इथल्या हवेत वेल वाढते, पण दाणा भरत नाही. हे दुसऱ्याच मिनिटाला माझ्या लक्षात आलं.

त्याच आठवड्यात साप्ताहिकाने माझ्या त्या जुन्या लेखाला पाच वर्षांतला उत्तम लेख ठरवलं होतं. प्रदर्शनात माझा सत्कार व्हायचा होता. दिगंबरभाऊंचा फोन आला, “साहेब, नमुना पाह्यला काय?” मी म्हणालो, “मला नमुना पोचलाच नाही.” आठ दिवसांची सवड मिळवावी, सत्कार होऊ द्यावा, मग सांगावं, असा विचार होता. पलीकडे फोन स्पीकरवर आहे आणि पारावर सगळं गाव बसलं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. आठ दिवसांनी मी सांगितलं नाही. महिन्यानेही नाही. मग सांगण्याची लाज वाढत गेली आणि भाव कोसळला. व्हिएतनामचा माल जगभर उतरला होता. भाव कोसळल्यावर मिऱ्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि मला हायसं वाटलं. मधल्या दोन पावसाळ्यांत आणखी काही घरांनी वेली लावल्या, हे पुढे कळलं, आणि पिशवी दिगंबरभाऊंनीच गडप केली असं गाव मानतं, हेही.

वच्छलाबाईंनी निरोप पाठवून सात-आठ जणांना पारावर बोलावलं. दुपार कलली होती. सखारामबुवा नावाचे म्हातारे मध्ये बसले. शेजारी नामदेव, त्यांच्याच वयाचा. खतं-औषधांचं दुकान चालवणारा रमेश, चाळिशीच्या आतला, फोन हातात घेऊन उभा.

मी बोलायच्या आधीच सखारामबुवांनी सांगितलं, “आमाले वेतनामनं मारलं, साहेब. नाई त हे मिऱ्याचं गाव झालं असतं.” वेतनाम हे त्यांच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या थोडं पुढे असलेलं भांडकुदळ गाव असावं, असा त्यांचा सूर होता.

“बुवा, व्हिएतनामचा यात काही दोष नाही,” मी म्हणालो. “भाव पडला नसता तरी तुमच्याकडे विकायला काही नव्हतं. तुमचे मिरे पोकळ होते.”

“तुमी पाह्यले काय?”

“पाहिले. नमुना मला मिळाला होता.”

रमेश म्हणाला, “पन तुमी त नाई म्हनले होते फोनवर. म्या सवता ऐकलं, इथंच, या दगडावर बसून.”

“खोटं बोललो.”

“काहून?”

मी सत्काराचं सांगितलं. आता सांगताना ते फार लहान वाटलं. शाल, नारळ आणि एक फोटो, एवढ्यासाठी. वरून पिंपळाची पानं वाजत होती. मला वाटलं, आता दिगंबरभाऊंचं नाव कोणी तरी घेईल. घेतलं ते नामदेवने.

“दिगंबरनं धाडलं काय तुमाले?”

“त्यांना मी अजून भेटलोही नाही.”

“मंग दहा सालानं मुंबईचा मानूस इतल्या दूर खोटं कबूल कराले येते काय? गाडीभाडं घालून?”

“म्हणूनच आलो.”

“अन् तवा खोटं बोललो म्हनता,” नामदेव शांतपणे म्हणाला, “मंग आज खरं बोलून राह्यले, हे कायच्यावरून?”

नमुना मी तेव्हाच फेकून दिला होता. पुराव्यादाखल काही असेल तर माझी जीभ, आणि ती कशी आहे हे मीच त्यांना नुकतं सांगितलं होतं.

सखारामबुवा म्हणाले, “त्यानं थैली धाडलीच नाई. मिरे इकून खाल्ले त्यानं. समद्याइले ठाऊक हाय.” ते रागाने बोलत नव्हते. सूर्य कुठे उगवतो ते सांगावं तसं सांगत होते. तेव्हा मला थोडं कळलं. गावाकडे एक गोष्ट होती. आपण मिरे पिकवले, ते चांगले होते, दिगंबरने खाल्ले आणि व्हिएतनामने मारलं. त्या गोष्टीत बागा तोडणारी माणसं शहाणी राहत होती. मी सांगत होतो त्या गोष्टीत ती शहाणी राहत नव्हती. दहा वर्षं सांभाळलेली गोष्ट माझ्यासारख्याच्या शब्दावर कोण सोडील?

रमेशने फोन माझ्यापुढे धरला. “जाऊ द्या जुनं, साहेब. हे पाहा. मिऱ्याचा भाव परत वर चालला. तुमी बाजारातले. आता लावले त तीन सालानं टिकन काय?”

मी पाहिलं. खरंच चढत होता. कारणंही मला ठाऊक होती. व्हिएतनाममध्ये भाव पडल्यावर लोकांनी मिरवेली उपटल्या आणि फळझाडं, कॉफी लावली. ब्राझीलचा माल वाढतोय, पण सगळी भर निघत नाही. आपल्याकडे पिकतं त्यातलं बहुतेक आपणच खातो, बाहेर जायला फार उरत नाही. तिकडे मिरी काढून फळबागा, इकडे फळबाग काढून मिरी, आणि दोन्हीकडे कोणीतरी माझ्यासारखा भावाचा तक्ता काढून बसलेला. हे सगळं मी त्यांना सांगितलं. शेवटी म्हणालो, “भाव कुठेही जाऊ दे. इथे मिरी लावू नका. इथे दाणा भरत नाही.”

“तवा शेडनेट नव्हतं,” रमेश म्हणाला. “आता धुकं पाडनारी मशीन मियते. बटन दाबलं का झिमझिम.”

“दाणा भरणार नाही.”

“वेतनामले कसा भरते मंग?” सखारामबुवांनी विचारलं, आणि दोघे-तिघे रमेशच्या फोनभोवती जमले. मी काय म्हणालो हे त्यानंतर कोणी विचारलं नाही. भाव अजून किती चढेल, एवढंच विचारलं, दोनदा.

परत येताना वच्छलाबाई म्हणाल्या, “त्या थैलीले गाठ म्या मारली होती. दिगंबरभाऊ माह्या समोरून पोस्टात गेला.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत इतकी वर्षं?”

“बोलली असती त मलेच इचारलं असतं, तू संत्रा कायले तोडू देल्ला म्हून.” आणि थोड्या वेळाने, “घरात बी हेच चाललं होतं. यायनं मरेपर्यंत दिगंबरचं नाव घेतलं. म्या हाव म्हनत गेली.”

मुक्काम त्यांच्याच ओसरीवर झाला. सकाळी त्यांनी चार भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. दिगंबरभाऊ गाव सोडून केनवडला मुलीकडे राहायला गेल्याला सात वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा कोणी पोचवायला गेलं नव्हतं, हेही त्यांनीच सांगितलं.

केनवड

केनवड रिसोड तालुक्यात. मालेगावला गाडी बदलावी लागते. बसमध्ये जागा मिळाली ती चाकावरची, त्यामुळे प्रत्येक खड्डा कमरेत मोजला. वाटेत हळद शिजवण्याची कढई रस्त्याकडेला चढलेली दिसली, वाफेचा लोट आणि मातकट गोड वास. इतर वेळी मी उतरून चौकशी केली असती, उतारा किती, बाजार कुठला, भाव काय. बसून राहिलो. दिगंबरभाऊंना काय सांगायचं, हे मी मनात जुळवत होतो. कबुली पाठच होती. अडचण कालच्या संध्याकाळची होती.

केनवड मोठं गाव, बाजाराचं. दिगंबरभाऊंच्या मुलीची, मंगलाची, पिठाची गिरणी बाजाराच्या टोकाला. दारात पिठाने पांढरे झालेले डबे ओळीत ठेवलेले, प्रत्येकावर खडूने नाव. आत एक उंच, वाळकी व्यक्ती पट्ट्याशी वाकून काही करत होती. भुवयांवर पीठ. गिरणी घरघरत होती, म्हणून मी जवळ जाऊन मोठ्याने म्हणालो, “दिगंबरभाऊ?”

त्यांनी वर पाहिलं नाही. हात लांबवून खटका बंद केला. पट्टा फडफडत थांबला.

“आवाज वळखला,” ते म्हणाले. “चेहरा पाह्यला नव्हता कधी.”

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नमुना कुठल्या वारी मिळाला, लिटरच्या मापात वजन काय भरलं, फोन आला तेव्हा मी कुठे बसलो होतो. ते ऐकत होते आणि एका डब्याच्या कडेवरचं पीठ बोटाने पुसत होते. सांगून झाल्यावर मी म्हणालो, “माफी मागायला आलो आहे. मिळावी असं म्हणत नाही.”

“पोस्टाची पावती होती माह्याकडं,” ते म्हणाले. “पारावर नेऊन दाखवली. नामदेव म्हने, पावतीवर वजन हाय, मिरे थोडेच लिवले. कायबी भरलं असशीन. म्या पुढच्या आठवड्यात पेपर घेऊन गेलो वाचाले. कोनी उठून गेलं नाई. बसून राह्यले. फक्त मधे कोनी काई इचारलं नाई. असे चार आठवडे वाचला. मंग सोडून देल्लं.”

“नंतर मलाच फोन का नाही केलात?”

“केला होता. दोनदा.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमी उचलला नाई.”

हे मी विसरलो होतो. किंवा विसरल्याचं स्वतःला सांगितलं होतं. इथे तेही लिहून ठेवतो.

मंगला आतून आली. पन्नाशीची, कपाळावर पिठाचा पट्टा. तिला वडिलांनी एवढंच सांगितलं, “मुंबईचे साहेब हायेत. मिऱ्यावाले.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आता आले काय? बापाचे दहा साल गेल्यावर?” मग वडिलांनी हात केला म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

दिगंबरभाऊ पोत्यावर बसले. मलाही बसायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आवाज खाली करून, मंगलाला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

“गावात सांगतलं काय हे?”

“काल सांगितलं. पारावर.”

“कोन कोन होतं?”

“सात-आठ जण.”

“सखाराम होता?”

“होते.”

“नामदेव?”

“तेही होते.”

“रमेश? थो लहान होता तवा, पन फोन त्यानंच धरला होता.”

“तोही होता.”

त्यांनी मान हलवली. एकेक नाव जागेवर बसल्यासारखी. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते सरळ झाले. सत्काराला बोलावलेला माणूस खुर्चीत बसतो तसं. मी तसा एकदा बसलो होतो, म्हणून मला ते ओळखता आलं.

“मंग? काय म्हने?”

मालेगावपासून मी याच प्रश्नाला भीत होतो. ‘मानलं त्यांनी, भाऊ’ हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते केनवडहून गावाला पुन्हा कधी जाणार नव्हते. कोणी येऊन त्यांना खरं सांगितलं नसतं. ते आणखी चार-सहा वर्षं जगतील, मीही तेवढीच. पण मी जे करायला निघालो होतो ते एवढंच होतं की या माणसाशी पुन्हा खोटं बोलायचं नाही. दुसरं काही माझ्या हातात उरलं नव्हतं.

“नाही मानलं कोणी,” मी म्हणालो. “तुम्हीच मला पाठवलं असं म्हणाले.”

ते तसेच बसून राहिले. हात गुडघ्यांवरून निघाले नाहीत. बाहेरून एक बाई गव्हाचा डबा घेऊन आली. “काका, बारीक काढजा, पोयीचं हाय,” म्हणाली आणि डबा रांगेत ठेवून उभी राहिली. दिगंबरभाऊ उठले. खडू उचलला, तिचं नाव डब्यावर लिहिलं, खटक्याकडे गेले. खटक्यावर हात ठेवून, माझ्याकडे पाठ असताना, ते म्हणाले,

“आज खोटं बोलले असते त चाललं असतं, साहेब.”

आणि त्यांनी गिरणी सुरू केली. मंगलाने चहा आणून माझ्या हातात दिला. गिरणीच्या आवाजात कोणाला काही बोलावं लागलं नाही. मी चहा संपवला, कप उंबऱ्यावर ठेवला आणि बसच्या रस्त्याला लागलो.